स्लाइड बदलताना "ओके, नेक्स्ट"ऐवजी काय म्हणायचं?

तुमचा प्रश्न बाकीच्यांसाठी थोडक्यात मांडतो. तुम्ही नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीकडच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत काम करता. द्राक्षासाठी प्री-कूलिंग (तोडलेला माल साठवण्याआधी झटपट थंड करायची सोय) आणि शीतगृह उभारायचंय, त्याच्या कर्जासाठी बँकेच्या अधिकाऱ्यांपुढे २० मिनिटं बोलायचंय. संचालकांपुढे एकदा बोलून दाखवलंत, तेव्हा ते म्हणाले, "माहिती सगळी आहे, पण तुटक-तुटक वाटतं." स्लाइड संपली की तुमच्या तोंडून "ओके, नेक्स्ट" निघतं आणि ते तुम्हालाही खटकतं. म्हणून पाठ करता येतील अशी दहा-पंधरा जोडवाक्यं तुम्ही मागितली आहेत. जाता जाता हेही विचारलंय, की बोलायचं मराठीत की इंग्रजीत.

वाक्यं देईन, पण नुसती पाठ करून काम भागणार नाही हे आधीच सांगून ठेवतो. शब्द सुचत नाहीत म्हणून "ओके, नेक्स्ट" येतं असं आपल्याला वाटतं. खरं तर या स्लाइडनंतर तीच स्लाइड का, हे ठरलेलं नसतं, त्यामुळे त्या सांध्यावर बोलायला हाताशी काही नसतं. अशा जागी "यानंतर आपण वळूया पुढच्या महत्त्वाच्या मुद्द्याकडे" असं कितीही गोड वाक्य आणून बसवलं, तरी ते सूत्रसंचालन होतं. एक स्लाइड गेली आणि दुसरी आली एवढंच त्यातून कळतं, आणि ते समोरच्याला डोळ्यांनी दिसतच असतं.

मी नाशिकला सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या इंजिनिअर मंडळींना सादरीकरण शिकवतो, अलीकडे द्राक्ष-कांद्याच्या क्षेत्रातली मंडळीही येतात. "तुटक वाटतं" ही तक्रार जिथे येते तिथे बोलणाऱ्याची भाषा बहुतेक वेळा ठीकच असते. बिघडलेला असतो तो क्रम.

आता जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे. समोरच्यांनी तुमचा प्रकल्प अहवाल आधी वाचला असेल, तर त्यांना ओळख-बिळख नको असते, ते थेट आकड्यांवर येतात. वाचला नसेल तर पहिली पाच मिनिटं सावकाश घ्यावी लागतात. काही अधिकारी शेवटपर्यंत शांत बसतात, काही दुसऱ्याच स्लाइडला अडवतात. २० मिनिटं देऊन ऐन वेळी "जरा १० मिनिटांत आटपा" म्हणणारेही भेटतात. ऑनलाइन बैठकीचं तर तंत्रच वेगळं, तिथे तुम्ही दोन सेकंद थांबलात की लोकांना वाटतं नेट गेलं. मी असं धरून चालतो, की बैठक समोरासमोर आहे, चार-पाच जण आहेत आणि मध्येच प्रश्न येणार आहेत.

तुमच्या स्लाइडांचा क्रम तुम्ही दिलाय तो असा: कंपनीची ओळख, सभासद आणि क्षेत्र, द्राक्ष निर्यातीची प्रक्रिया, शीतगृहाचा आराखडा, यंत्रसामग्रीचा खर्च, सरकारी योजना, परतफेडीचं वेळापत्रक, जोखीम. हा कागदावर लिहा आणि प्रत्येक दोन स्लाइडांच्या मध्ये एक शब्द टाकून बघा: म्हणून, पण, कारण, तरीही. कुठला बसतो? ओळख आणि सभासद, आणि निर्यात, आणि आराखडा, आणि खर्च. सगळीकडे "आणि"च बसतंय. जिथे फक्त "आणि" बसतं तिथे त्या दोन स्लाइडांची अदलाबदल केली तरी कुणाला फरक पडत नाही, आणि हे ऐकणाऱ्याला न सांगता जाणवतं. तुमचे संचालक "तुटक" म्हणाले ते यालाच. प्रकल्प अहवालात असा क्रम चालतो, कारण तिथे माणूस पान उलटून हवं ते शोधतो. ऐकणाऱ्याला पान उलटता येत नाही.

मग क्रम लावायचा कसा? समोर बसलेल्या अधिकाऱ्याच्या मनात या क्षणी कोणता प्रश्न येईल, हे विचारत जायचं आणि पुढची स्लाइड त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून आणायची. बँकेच्या माणसाच्या मनातले प्रश्न फार गूढ नसतात. पैसे कशाला हवेत, किती हवेत, परत कसे येणार, आणि नाही आले तर काय. तुमचंच सादरीकरण या अंगानं लावून बघू.

कंपनीची ओळख एका वाक्यात उरका. "आम्ही दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्ष उत्पादकांची कंपनी, आमचा माल युरोपला जातो." बस. सभासद किती, एकर किती, हे आता सांगू नका, त्याची जागा पुढे आहे. इथून थेट अडचणीवर या. द्राक्ष तोडलं की घडात शेतातली उष्णता अडकलेली असते. निर्यातीच्या मालाची ही उष्णता तोडणीनंतर सहा-आठ तासांच्या आत काढून त्याला साधारण ४ अंश सेल्सिअसपर्यंत आणावं लागतं. त्यानंतर तो शून्य ते १ अंशाला, ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत ठेवतात. उशीर झाला की घडातलं पाणी उडतं, देठ तपकिरी पडतो, मणी सैल होतात. युरोपला जाणारा कंटेनर तीन-चार आठवडे समुद्रात असतो, त्यामुळे इथे गमावलेल्या तासांचा हिशेब तिकडे पेटी उघडल्यावर होतो.

तुम्हाला हे रोजचं आहे. पण बँकेतल्या माणसाला देठाचा आणि त्याच्या कर्जाचा संबंध कुणी सांगितलेला नसतो. तुमच्या मूळ क्रमात निर्यातीच्या स्लाइडनंतर आराखडा येतो आणि मध्ये "ओके, नेक्स्ट". आता तोच सांधा असा करून बघा: "म्हणजे सगळा खेळ पहिल्या काही तासांचा आहे. आमचे हे तास आज कुठे जातात? दुसऱ्याच्या पॅकहाऊसबाहेर, म्हणजे माल निवडून पेट्यांत भरायच्या जागेबाहेर, रांगेत उभ्या असलेल्या गाडीत." इथे थांबा. मग आराखड्याची स्लाइड लावा. ती स्लाइड बदललेली नाही, तिच्यातली एकही रेघ हललेली नाही, पण आता ती एका प्रश्नाचं उत्तर म्हणून पडद्यावर आली आहे.

आराखडा दिसला की मनात येतं, याला लागणार किती? म्हणून खर्च. खर्चाचा आकडा बघून भुवया वर जातात, तिथे "पण" लागतो: "आकडा मोठा आहे. पण व्याजाचा सगळा भार कंपनीवर पडणार नाही." मग योजनेची स्लाइड. कृषी पायाभूत सुविधा निधी २०२० मध्ये सुरू झाला, त्यात २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर जास्तीत जास्त ७ वर्षं वर्षाला ३ टक्के व्याज सवलत मिळते, हे समोरच्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असणार. म्हणून ही स्लाइड योजना समजावून सांगायला वापरू नका. "ही सवलत धरून हप्ता किती बसतो ते आम्ही काढलंय" असं म्हणून परतफेडीवर जा. योजनेची स्लाइड अर्ध्या मिनिटात संपली तरी काही बिघडत नाही. तिचं काम खर्च आणि परतफेड जोडण्याचं आहे.

परतफेडीचा तक्ता बघताना अधिकारी विचार करतो, हे सगळं माल येत राहिला तर ना? तुमच्या सभासदांची आणि एकरांची स्लाइड इथे हवी. सुरुवातीला हेच आकडे ओळख म्हणून कानावरून गेले असते, इथे ते पुरावा होतात. "हप्ता फेडायला वर्षाला इतका माल यायला हवा. तो येईल असं आम्ही कशाच्या जोरावर म्हणतो?" आणि मग सभासद, क्षेत्र, गेल्या हंगामात कंपनीकडे आलेला माल.

यानंतर जोखीम. अवकाळी, गारपीट, केवड्यासारखा रोग, भाव पडणं, हे तुम्ही लिहिलेलं आहेच. पण सांधा जुळवायला गेलो आणि मला एक भोक दिसलं. आपल्याकडे द्राक्षाचा निर्यात हंगाम ढोबळमानानं जानेवारी ते एप्रिल. हप्ता मात्र बारा महिने. मग मे उजाडल्यावर या शीतगृहात काय ठेवणार? बँकेचा माणूस हा प्रश्न विचारणारच, आणि तुमच्या आठ स्लाइडांत त्याचं उत्तर कुठेच नाही. बेदाणा, डाळिंब, भाजीपाला, भाड्यानं जागा देणं, जे काही तुमच्या संचालकांनी ठरवलं असेल ते परतफेड आणि जोखीम यांच्या मध्ये एका स्लाइडवर यायला हवं. आणि ठरवलं नसेल तर आधी ठरवा. जोडवाक्यांच्या यादीतून हे कधीच सापडलं नसतं. म्हणूनच मी सांध्यांच्या मागे लागतो. सांधा जुळत नाही तिथे बऱ्याचदा विचारच अर्धवट सोडलेला असतो, आणि वाक्य घासूनपुसून ते झाकलं जात नाही.

पंचवटीत कीर्तनं ऐकत वाढलेल्यांना ही रचना नवी नाही. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात एक अभंग घेतात आणि त्याचं निरूपण करतात. मग मध्यंतर, नामाचा गजर, बुवांना हार, श्रोत्यांना बुक्का. चांगला पाच-दहा मिनिटांचा खंड पडतो, लोक इकडे-तिकडे बघतात, मांडी बदलतात. त्यानंतर उत्तररंगात बुवा एकदम वेगळ्याच काळातलं, वेगळ्याच माणसांचं आख्यान सुरू करतात. तरीही कुणी म्हणत नाही की कीर्तन तुटक झालं. कारण अभंगातला सिद्धांत पटवायलाच ते आख्यान निवडलेलं असतं आणि शेवटी बुवा पुन्हा त्याच अभंगावर येतात. मधला खंड त्यांना झाकावा लागत नाही.

आता वाक्य नेमकं म्हणायचं कधी, हे सांगतो, कारण ओघ निम्मा यावर ठरतो. बहुतेकांचं काय होतं? आधी क्लिक. मग मान पडद्याकडे. मग सेकंदभर मनातल्या मनात शीर्षक वाचणं. मग "ओके, तर ही आपली..." आणि तेच शीर्षक मोठ्यानं. तोवर समोरच्यांनी ते वाचून संपवलेलं असतं, म्हणजे तुम्ही त्यांच्या मागे पडलेल्या असता. याच्या उलट करा. जोडवाक्य जुनी स्लाइड पडद्यावर असतानाच म्हणा, समोरच्यांकडे बघत. वाक्याचा शेवटचा शब्द आणि क्लिक एका वेळी. स्लाइड आली की गप्प राहा, त्यांना दोन श्वास वाचू द्या, मगच बोला. एवढ्या एका बदलानं माणूस तयारीचा वाटायला लागतो. यासाठी पुढची स्लाइड कोणती हे क्लिक करायच्या आधी माहीत हवं. पॉवरपॉइंटमध्ये प्रेझेंटर व्ह्यू लावला की लॅपटॉपच्या पडद्यावर पुढची स्लाइड आणि तुमच्या नोंदी दिसतात, समोरच्यांना दिसत नाहीत. त्या नोंदींमध्ये परिच्छेद लिहू नका, फक्त पुढे जातानाचं एक वाक्य लिहा. आणि सगळ्यात मोठ्या सांध्यावर, म्हणजे रांगेत उभ्या गाडीवरून आराखड्यावर जाताना, बी हे बटण दाबा. पडदा काळा होतो आणि सगळ्यांची नजर तुमच्याकडे येते. वाक्य म्हणा, पुन्हा बी दाबा, मग पुढची स्लाइड.

एवढं झाल्यावर आता वाक्यं. पण ती कामानुसार लक्षात ठेवा, यादी म्हणून नको. मागचा मुद्दा धरून पुढे जायचं असेल तर: "हे मान्य केलं, तर पुढचा प्रश्न आपोआप येतो." "इथवर शेतातलं झालं, आता गाडीत माल चढल्यापासूनचं बघू." वळण घ्यायचं असेल तर: "इथपर्यंत सगळं सरळ आहे. अडचण यापुढे आहे." "कागदावर हे बरोबर दिसतं. प्रत्यक्षात काय होतं?" आधी सांगितलेल्याला पुढे आणून जोडायचं असेल तर: "मघाशी सहा-आठ तास म्हटले होते, तो आकडा इथे कामाला येतो." एखादा मुद्दा मागे ठेवायचा असेल तर: "याचा खर्च किती, ते दोन मिनिटांनी सांगते. तूर्त क्षमता एवढी धरून चाला." आणि विषय पूर्ण बदलायचा असेल तर सरळ: "तांत्रिक भाग इथे संपला. आता पैशाचं."

हे शेवटचं वाक्य मुद्दाम रोखठोक आहे. सगळे सांधे मऊ करायची गरज नसते. २० मिनिटांच्या बोलण्यात दोन-तीन मोठे भाग असतात, आणि एक भाग संपला हे ऐकणाऱ्याला कळायला हवं, म्हणजे तो आधीचं बाजूला ठेवून नव्यासाठी कान टवकारतो. सगळंच एका लयीत वाहत गेलं तर ऐकायला छान वाटतं आणि बाहेर पडल्यावर काही आठवत नाही. मी तर मोठ्या सांध्यावर एक-दोन वाक्यांत मागचं सांगून घ्यायला सांगतो: "म्हणजे आतापर्यंत दोन गोष्टी झाल्या. तास वाचले तर देठ टिकतो, आणि तास वाचवायला स्वतःचं प्री-कूलिंग लागतं." उशिरा आलेल्या अधिकाऱ्यालाही यातून धागा सापडतो. उशिरा येणारा कुणी ना कुणी असतोच, आणि बऱ्याचदा सही त्याचीच असते. उलट एकाच मुद्द्याच्या दोन स्लाइडा असतील, खर्चाचा तक्ता दोन पानांवर गेला असेल, तर तिथे जोडवाक्य अजिबात नको. गुपचूप पुढे जा.

"तर", "म्हणजे", "बेसिकली", "ॲक्च्युअली", "सो" यांच्यामुळे लोक उगाच घाबरतात. एखादा "तर" आला म्हणून काही होत नाही, आपण सगळेच तसं बोलतो. एक गोष्ट मात्र माझ्या सतत नजरेला येते. माणूस मुद्दा चांगल्या मराठीत सांगतो आणि सांध्यावर आला की इंग्रजीत जातो: "सो, मूव्हिंग ऑन", "कमिंग टू द नेक्स्ट पॉइंट". मुद्दा त्याचा स्वतःचा असतो, सांधा कुठेतरी ऐकलेला असतो. तिथे फक्त "आता प्रश्न असा, की" एवढं म्हणून बघा. या चार शब्दांनंतर काहीतरी खरा प्रश्न उच्चारावाच लागतो, पळवाट उरत नाही.

अंबडच्या कारखान्यांतली मंडळी हे वाचत असतील तर ती म्हणतील, आमच्या सादरीकरणाचा साचा ग्राहकानं ठरवून दिलेला असतो, क्रम बदलायची सोय कुठे? बरोबर आहे. ८डी अहवाल, म्हणजे मालात दोष निघाल्यावर ग्राहकाला द्यायचा आठ टप्प्यांचा अहवाल, सादर करताना टप्पे ठरलेले असतात. पण तिथेही एक सांधा हमखास निखळतो, तिसऱ्या टप्प्यावरून चौथ्यावर जाताना. तिसऱ्यात तात्पुरता बंदोबस्त असतो: संशयित माल बाजूला काढला, शंभर टक्के तपासणी लावली. चौथ्यात मूळ कारण. लोक एकातून दुसऱ्यात असे जातात, की जणू तपासणी लावली म्हणून कारण सापडलं. तिथे एवढंच म्हणा: "यानं ग्राहकाकडे खराब माल जाणं थांबलं. आमच्याकडे तो तयार होणं थांबलं नव्हतं." एवढ्यानं दोन्ही टप्प्यांचं काम वेगळं होतं आणि ग्राहकाचा माणूस पुढचं ऐकायला तयार होतो.

तुमच्याबरोबर कंपनीचे अध्यक्षही बोलणार आहेत असं तुम्ही लिहिलंय. दोन माणसांमधला सांधा सगळ्यात धोक्याचा. "आता आमचे अध्यक्ष आपले मनोगत व्यक्त करतील" असं म्हटलंत की बोलण्याचा सभासमारंभ झाला. त्यांच्या हातात प्रश्न द्या: "माल येत राहील का, हे आकड्यांपेक्षा शेतकऱ्यानं सांगितलेलं बरं. अण्णा, गेल्या हंगामात सभासदांनी बाहेरचा व्यापारी दारात असताना माल आपल्याकडे का दिला, ते सांगा." (अध्यक्षांना तुम्ही अण्णा म्हणत असाल तर अण्णा म्हणा, बँकेपुढे एकदम "माननीय" नको.) त्यांनीही सुरुवातीला सगळ्यांचे आभार मानत बसू नये, थेट उत्तर द्यावं. हे त्यांना आधी सांगून ठेवा, ऐन वेळी ते मानणार नाहीत. आणि त्यांचं झालं की परत घेताना त्यांचं एखादं वाक्य उचला: "अण्णा जे म्हणाले, की पैसे आठ दिवसांत मिळतात, तोच आमच्या खेळत्या भांडवलाचा मुद्दा आहे."

मध्येच प्रश्न आला तर काय? समजा तुम्ही देठावर बोलताय आणि कुणी विचारलं, "तारण काय देणार?" "ते पुढे येणारच आहे" म्हणून थोपवू नका, विचारणारा तोवर तुमचं दुसरं काही ऐकत नाही. एका वाक्यात उत्तर द्या, "जमीन कंपनीच्या नावावर आहे, तपशील परतफेडीच्या स्लाइडवर आहे," आणि फारच आग्रह असेल तर ती स्लाइड दाखवा. स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवर स्लाइडचा क्रमांक टाकून एंटर दाबलं की थेट तिथे जाता येतं, म्हणून सगळे क्रमांक एका कागदावर लिहून जवळ ठेवा. परत येताना मुद्द्याचं नाव घेऊन या: "आपण देठ सुकण्यावर होतो." "तर मी काय सांगत होते?" हे वाक्य मात्र तोंडातून जाऊ देऊ नका. त्याचं उत्तर समोरच्याला विचारल्यासारखं होतं.

सराव सगळ्या भाषणाचा करत बसू नका. प्रत्येक स्लाइडवरचं शेवटचं वाक्य आणि पुढच्या स्लाइडवरचं पहिलं वाक्य, एवढंच ओळीनं म्हणा. दोन मिनिटांत संपतं. फोनवर रेकॉर्ड करा आणि द्वारका चौकात सिग्नलला अडकाल तेव्हा ऐका, तिथे वेळच वेळ असतो. नुसते सांधे ऐकून गोष्ट कळत असेल तर क्रम लागला. घरातल्या कुणाला तरी ऐकवा, ज्याला द्राक्षातलं काही कळत नाही अशा माणसाला, आणि विचारा की आम्ही कर्ज कशाला मागतोय. त्याला सांगता आलं नाही तर कुठल्या सांध्यावर तो हरवला तेही त्यालाच विचारा. आणि "जरा १० मिनिटांत आटपा" म्हणतील तेव्हासाठी आधीच ठरवून ठेवा, की कुठल्या तीन स्लाइडा सोडल्या तरी सांधे जुळतात. माझ्या मते तुमच्या बाबतीत आराखडा, योजना आणि जोखमीचा तपशील सोडता येईल. रांगेतली गाडी, खर्च आणि परतफेड सोडता येणार नाही.

शेवटच्या स्लाइडवर "धन्यवाद" आणि द्राक्षाच्या घडाचा फोटो लावायची पद्धत आहे. ती स्लाइड काढून टाका. प्रश्नोत्तरं सुरू होतात तेव्हा पडद्यावर परतफेडीचा तक्ता असू द्या, म्हणजे प्रश्न त्या आकड्यांवर येतात आणि त्यांची उत्तरं तुमच्याजवळ असतात.

राहिला भाषेचा प्रश्न. बँकेतली मंडळी मराठी असतील तर बिनधास्त मराठीत बोला, तक्ते आणि आकडे इंग्रजीत असले तरी चालतं, त्यांना तेच सवयीचे असतात. पण अधिकारी बाहेरच्या राज्यातून बदलून आलेले असणं नेहमीचं आहे, आणि मग हिंदीत किंवा इंग्रजीत बोलावं लागतं. अशा वेळी माणूस मुद्द्यावर अडत नाही, मुद्दा त्याला पाठ असतो. तो सांध्यावर अडतो, कारण "पण", "म्हणून", "तरीही" यांची वाक्यं दुसऱ्या भाषेत चटकन जुळत नाहीत. तेव्हा पाठांतराची तुमची हौस तिथे वापरा: सात-आठ सांध्यांची वाक्यं, तेवढीच, त्या भाषेत तोंडपाठ करून जा. बाकीचं मोडकंतोडकं बोललात तरी कुणी काही म्हणत नाही. आणि ज्या शाखेशी तुमचा व्यवहार चालू आहे तिथे आदल्या दिवशी फोन करून विचारा, की समोर कोण कोण बसणार आहे आणि त्यांतल्या कुणाला मराठी समजत नाही.